बर्लिओझ : आवाज जुळवून

एकाच रचनेची दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकायची तर पहिलं काम त्यांचा आवाज एका पातळीवर आणण्याचं. ते न करता कोणी "हे त्यापेक्षा सरस" म्हणालं की मी ऐकून घेतो, मनावर घेत नाही. कानाची खोडच अशी, की जे जरा मोठ्याने वाजतं ते त्याला भरीव आणि जिवंत वाटतं. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक 'आवाज मोठा आहे' असा जाणवतच नाही. 'वाजवणारे चांगले आहेत' असा जाणवतो. जाहिरातींचं अर्धं ध्वनिमिश्रण या एका खोडीवर चालतं.

माझं रोजचं काम ध्वनिमिश्रणाचंच. मालिका, माहितीपट, क्वचित एखादा मराठी सिनेमा. संवादामागची पंख्याची घरघर काढायची, पावलं आणि पार्श्वसंगीत यांची भांडणं मिटवायची. त्याच्या जोडीला एका श्रोतृमंडळासाठी मी पाश्चात्त्य संगीताचे तुलनात्मक श्रवणाचे कार्यक्रम बांधतो. मानधन मिळतं, म्हणजे कामच; घरातले मात्र त्याला अजून छंदच म्हणतात. मंडळातले बहुतेक जण ख्याल-ठुमरीवर पोसलेले. एकच राग दोन गवयांकडून ऐकून त्यावर तासभर वाद घालायची त्यांना सवय. पण सगळे सूर कागदावर लिहून ठेवलेले असताना दोन वाद्यवृंद तीच रचना इतकी वेगळी कशी वाजवतात, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. त्याला उत्तर म्हणून मी एक्तोर बर्लिओझची 'सिम्फनी फान्तास्तिक' काढली.

गोष्ट झकास आहे, आणि ती सांगितली की श्रोते लगेच सामील होतात. 1827 मध्ये पॅरिसला आलेल्या एका इंग्रजी नाटक कंपनीच्या 'हॅम्लेट'मध्ये बर्लिओझने हॅरिएट स्मिथसन ही आयरिश नटी पाहिली आणि तो पार कामातून गेला. तिला याचा पत्ताही नव्हता. 5 डिसेंबर 1830 रोजी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीच्या सभागृहात ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली तेव्हा त्याला सत्तावीस पूर्ण व्हायला आठवडाभर अवकाश होता. एक तरुण कलावंत प्रेमभंगात अफू घेतो आणि त्याला पाच दृश्यं दिसतात : स्वतःची तगमग, नाचाचा जलसा, कुरणातली संध्याकाळ, तिच्या खुनाबद्दल स्वतःलाच गिलोटिनकडे नेणारी मिरवणूक, आणि शेवटी स्वतःच्याच अंत्ययात्रेला जमलेला चेटकिणींचा धिंगाणा. प्रेयसी एका सुरावटीच्या रूपात पाचही भागांत येते. पुढे 1833 मध्ये त्याने हॅरिएटशी लग्नही केलं. ते सुखाचं झालं नाही.

तुलनेसाठी ही रचना सोयीची, कारण बर्लिओझइतके बारीक हुकूम सोडणारा संगीतकार त्या काळात दुसरा नसेल. टिंपनी कुठे स्पंज लावलेल्या काठ्यांनी वाजवायची, पहिली व्हायोलिनं कमीत कमी पंधरा हवीत, हार्प निदान चार हव्यात, ओबो रंगमंचाच्या आत बसून वाजवायचा, असं सगळं त्याने लिहून ठेवलंय. लयीसाठी मेट्रोनोमचे आकडे आहेत. एवढं लिहून ठेवलेलं असलं की ऐकणाऱ्याच्या हाती मोजपट्टी येते. 'भावपूर्ण', 'दमदार' हे शब्द मी कार्यक्रमात वापरू देत नाही. इथे हुकूम काय आहे आणि या संचालकाने तो पाळला की मोडला, एवढंच विचारायचं. मोडला असेल तर बिघडलं की सुधारलं, हे मग ज्याचं त्याने ठरवावं.

ध्वनिमुद्रणं निवडताना डोक्याला ताप कमी नव्हता. आजच्या वाद्यांची दोन घेतली : शार्ल म्यूंश यांचं बोस्टन सिम्फनीबरोबरचं 1954 चं, आणि कॉलिन डेव्हिस यांचं ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदाबरोबरचं 1974 चं. बर्लिओझच्या काळातल्या वाद्यांवरची दोन : रॉजर नॉरिंग्टन आणि लंडन क्लासिकल प्लेअर्स, 1980 च्या दशकाच्या शेवटचं, आणि जॉन एलियट गार्डिनर यांचं 1991 चं, त्यांच्या 'रिव्होल्युशनरी आणि रोमँटिक' असं लांबलचक नाव लावणाऱ्या वाद्यवृंदाबरोबर. मुंबईत कार्यक्रम करायचा म्हणजे झुबिन मेहतांचं न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकबरोबरचं हाताशी ठेवावंच लागतं. कोणीतरी विचारतंच, आणि ते नाही म्हटलं की घरच्या माणसाला पंक्तीत न बसवल्यासारखे चेहरे होतात.

आवाज जुळवला तरी एक घोटाळा उरतोच, तो म्हणजे पट्टीचा. जुन्या वाद्यांचे वाद्यवृंद बऱ्याचदा आजच्यापेक्षा किंचित उतरलेल्या सुरात लावलेले असतात. आज 'ए' 440 किंवा त्याच्याही वर. फ्रान्सने 1859 मध्ये कायद्याने ठरवला तो 435. पाच कंपनांचा फरक कागदावर नगण्य, पण एक तुकडा संपून दुसरा लगेच सुरू झाला की तंबोऱ्यावर कान तयार झालेला माणूस ताबडतोब तोंड वाकडं करतो. "दुसरा बेसूर आहे" असा शेरा येतो. संगणकावर पट्टी जुळवणं मला अवघड नाही, पण तसं केलं की वाद्याचा पोतही बदलतो, आणि पोत ऐकण्यासाठीच तर सगळा खटाटोप. म्हणून दोन तुकड्यांच्या मध्ये मी बोलतो. अर्धा मिनिट माणसाचा आवाज कानावर पडला की मागचा षड्ज पुसला जातो.

याहून अवघड गोष्ट वास्तूची. ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ या प्रसिद्ध सभागृहात सूर थांबल्यावरही दोनेक सेकंद तरंगत राहतो. गार्डिनर यांनी मात्र पॅरिसला जाऊन कॉन्झर्व्हेटरीच्या त्याच जुन्या सभागृहात ध्वनिमुद्रण केलं, जिथे 1830 मध्ये पहिला प्रयोग झाला होता. ती जागा लहान, लाकडी, कोरडी. तिथे वाजलेला प्रत्येक फटका जिथल्या तिथे संपतो. गार्डिनर यांच्या ध्वनिमुद्रणातला जो टोकदारपणा लोक सरसकट 'जुन्या वाद्यांचा' म्हणून सांगतात, त्यातला बराचसा त्या लाकडी भिंतींचा आहे, असं माझं धंदेवाईक मत आहे. वाद्यं आणि वास्तू वेगळी करायला दोन्हींची अदलाबदल झालेली ध्वनिमुद्रणं लागतील, ती कुठून आणणार! पण वाद्य आणि वाजवण्याची रीत ही दुसरी जोडी सोडवता येते, आणि ती सोय स्वतः नॉरिंग्टन यांनीच करून ठेवली. त्यांनी पुढे श्टुटगार्टच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबर हीच सिम्फनी पुन्हा केली : वाद्यं आजची, रीत मात्र जुनी. व्हायोलिनवर डाव्या हाताच्या बोटाने सुराला सतत दिला जाणारा कंप बंद, आणि पहिली व्हायोलिनं डावीकडे तर दुसरी उजवीकडे. ते ऐकलं की कळतं, पहिल्या दोन भागांतला बराच फरक या रितीचा आहे, वाद्यांचा तेवढा नाही.

पहिल्या भागात एक जागा मी थांबून ऐकवतो. लांबलेल्या संथ सुरुवातीनंतर प्रेयसीची सुरावट पहिल्यांदा येते, ती पहिली व्हायोलिनं आणि एक बासरी मिळून वाजवतात. खाली आधाराला जवळजवळ काहीच नाही, मधूनमधून नुसते धपापल्यासारखे ठोके. आजच्या वाद्यवृंदात धातूची बासरी आणि धातू गुंडाळलेल्या तारांची व्हायोलिनं हे दोन आवाज वेगवेगळे ओळखता येतात. नॉरिंग्टन यांच्याकडे तातीच्या तारा आणि लाकडी बासरी. सारंगी ऐकलेल्यांना तातीचा तो किंचित खरखरीत, माणसाच्या गळ्याजवळचा पोत नव्याने सांगावा लागत नाही. दोन्ही आवाज एकमेकांत असे मुरतात की कुठलं वाद्य वाजतंय हे सांगता येईना, आणि ती सुरावट कोणा एका वाद्याची न राहता डोक्यात वाजल्यासारखी होते. एरवी या भागात मला म्यूंशच आवडतात. 1954 चं स्टिरिओ आजही ताजं वाटतं आणि बोस्टनची मंडळी जीव धोक्यात घालून वाजवतात. जलशाच्या भागाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. वॉल्ट्झ आहे, सगळेच छान वाजवतात. फक्त डेव्हिस यांनी बर्लिओझने मागाहून घातलेली कॉर्नेटची जोड ठेवलीय, ती ऐकून बँडवाल्यांची आठवण न येणारा मराठी माणूस विरळा.

तिसऱ्या भागात ध्वनिमुद्रण करणाऱ्याची परीक्षा असते, म्हणून तिथे मी स्वार्थाने रेंगाळतो. कुरणात दोन गुराखी एकमेकांना साद घालतात. एक कोर आंग्लेवर, मंचावर. दुसरा ओबोवर, आत कुठेतरी. शेवटी पहिला पुन्हा साद घालतो, दुसऱ्याकडून उत्तर येत नाही, दूरवर ढग गडगडतात. तो गडगडाट चार जण टिंपनीवर मिळून वाजवतात, आणि तो नुसता धडधडाट नाही, सुरात लावलेला स्वरमेळ आहे. इथे प्रश्न येतो अंतराचा. ओबो खरोखर दूर ठेवायचा, की जवळ वाजवून आवाज कमी करायचा? नुसता आवाज कमी केला की कानाला लगेच कळतं. दूरच्या आवाजात थेट येणारा भाग कमी आणि भिंतींवरून येणारा जास्त असतो, आणि ते प्रमाण बटण फिरवून नीट येत नाही. मालिकेत 'शेजारच्या खोलीतून हाक' हे दृश्य मिसळताना माझी रोज हीच लढाई असते. ॲम्स्टरडॅमच्या त्या घुमणाऱ्या सभागृहाचं इथे सोनं होतं. डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रणात दोन गुराख्यांच्या मधलं माळरान दिसतं. जुनी वाद्यं, जुनं सभागृह, सगळा इतिहास एका बाजूला ठेवून या भागासाठी मी डेव्हिस यांच्याच पदरात माप टाकतो. टिंपनीवर कातडं असलं की गडगडाटातला सूर अधिक ओळखू येतो हे खरं, तेवढा गुण गार्डिनर यांना.

चौथ्या भागापासून मात्र पारडं फिरतं. गिलोटिनकडे निघालेली मिरवणूक हॉर्न आणि टिंपनीने सुरू होते. बर्लिओझने तिथे लिहिलंय की हॉर्नचे सूर हाताने दाबून काढावेत, झडपा वापरू नयेत. त्या काळच्या बहुतेक हॉर्नना झडपा नसत. वाजवणारा उजवा हात हॉर्नच्या कर्ण्यात कमी-जास्त घुसवून मधले सूर काढायचा, आणि प्रत्येक दाबलेल्या सुराचा रंग वेगळा यायचा : एक मोकळा, एक घुसमटलेला, एक झणझणीत. आजचा हॉर्न झडपांमुळे सगळे सूर एका रंगाचे देतो, दाबले तरी सारखेच दाबतो. जुन्या आणि आजच्या हॉर्नचे हे दोन तुकडे मी लागोपाठ, एरवीसारखं मध्ये न बोलता, तीनतीनदा लावले. नॉरिंग्टन यांच्याकडे सुरुवातीचे ते चार-सहा ठोके अक्षरशः गळा आवळल्यासारखे येतात. टिंपनीच्या प्रत्येक सहा ठोक्यांतला पहिला दोन काठ्यांनी आणि उरलेले पाच एकाच हाताने वाजवायचे, असाही हुकूम आहे. तो पाळला की चालीत एक लंगडेपणा येतो. बेडी घातलेला माणूस चालावा तसा.

लयीचंही तेच. बर्लिओझने या मिरवणुकीला दिलेला आकडा मिनिटाला 72 अर्ध्या मात्रांचा, म्हणजे चाल ठरलेली, दांडगी, घाई नसलेली. नॉरिंग्टन तो मानतात. म्यूंश पुढे पुढे सुटत जातात आणि श्रोत्यांना तेच अधिक आवडतं, हे मी नोंदवून ठेवतो. शिवाय पहिला निम्मा भाग पुन्हा वाजवावा अशी खूण आहे. कित्येक संचालक ती गाळतात, डेव्हिस आणि गार्डिनर पाळतात. दोनेक मिनिटांचा फरक पडतो. गाळली तर मिरवणूक लवकर पोचते, एवढंच. पण सजा झालेल्या माणसाला लवकर पोचवण्यात कोणाचं हित?

शेवटी पातं पडतं ती जागा मी पडद्यावर लहरींच्या रूपात दाखवतो. एकटा क्लॅरिनेट प्रेयसीची सुरावट सुरू करतो, आणि ती पुरी व्हायच्या आत सगळा वाद्यवृंद एक घाव घालतो. लगेच तारांवर दोन-चार खुडलेले सूर : मुंडकं टोपलीत. क्लॅरिनेटची बारीक रेघ आणि घावाची उभी भिंत यांच्यामध्ये किती जागा आहे, हे डोळ्यांनी दिसतं. काही संचालक घावाआधी श्वासभर थांबतात, म्हणजे श्रोता दचकायला तयार होतो. कागदावर थांबायला सांगितलेलं नाही. सूर तोडायचाय, संपू द्यायचा नाही. या एका जागेवरून मी संचालकाची पारख करतो, आणि ती सहसा चुकत नाही.

पाचवा भाग चेटकिणींचा. इथे प्रेयसीची सुरावट छोट्या, कर्कश 'ई-फ्लॅट' क्लॅरिनेटवर उड्या मारत येते. मी तुकडा लावला आणि मागच्या रांगेतल्या एक बाई हसून म्हणाल्या, "अहो, हा तर वरातीतला!" बर्लिओझला नेमकं हेच हवं होतं : तिची अभिजात सुरावट रस्त्यावरच्या नाचगाण्याइतकी सवंग झाली पाहिजे. मग घंटा वाजतात, सी आणि जी या सुरांच्या. खोल आवाजाच्या घंटा मिळाल्या नाहीत तर पियानो वापरा, असं त्यानेच लिहून ठेवलंय. योस फान इमरझेल यांनी आपल्या ध्वनिमुद्रणात खरोखर पियानो वापरले. मंडळात त्यावरून दोन तट पडले. मला तो पर्याय निर्जीव वाटतो. घंटेचा सूर मरताना बदलत जातो, पियानोचा नुसता विझतो.

आणि मग 'दिएस इरे'. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेतली ही मध्ययुगीन चाल, चार बॅसून आणि दोन ऑफिक्लाइड यांनी एकत्र, संथपणे वाजवायची. ऑफिक्लाइड म्हणजे चाव्या लावलेलं उभं पितळी वाद्य, पॅरिसमध्येच 1817 च्या सुमाराला घडलेलं. 1830 साली ट्यूबा अस्तित्वातच नव्हता, त्याचं पेटंट बर्लिनमध्ये 1835 चं. आजचे बहुतेक वाद्यवृंद इथे ट्यूबा वापरतात. ट्यूबाचा सूर गोल, भारदस्त, तळाशी बसणारा. ऑफिक्लाइडचा घोगरा, नाकातला, काही सुरांवर चक्क रेकणारा. आधी डेव्हिस लावले, मग गार्डिनर. त्या दिवशी श्रोत्यांत मूळचे गोव्याचे, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेले एक वयस्कर व्हायोलिनवादक होते. लहानपणी गावच्या चर्चमध्ये लॅटिनमधली हीच चाल त्यांनी मयताच्या मिसाला गायलेली. पहिला तुकडा त्यांनी डोळे मिटून ऐकला. दुसऱ्याला ते उठून उभे राहिले. "बाबा, हे काय लावलंस? पहिलं मयत होतं. ही मयताची थट्टा आहे. बंद कर."

मी बंद केलं नाही, पुढचं वाजू दिलं. कारण पुढे तीच चाल आधी हॉर्न-ट्रॉम्बोनवर दुप्पट वेगाने येते, आणि मग लाकडी वाद्यं तिला नाचवत नेतात. म्हणजे थट्टा कागदावरच आहे. ऑफिक्लाइड ती पहिल्या सुरापासून सुरू करतो. ट्यूबा तिला आदराची शाल पांघरतो आणि श्रोत्याला वाटतं, चेटकिणी येईपर्यंत तरी प्रार्थना खरी होती. गोव्याच्या त्या अंकलना ते पटलं, पण आवडलं नाही, आणि त्यांनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन त्या चालीच्या लॅटिन शब्दांचा उच्चार सुधारून दिला.

यावर जाणकारांचा एक रास्त आक्षेप आहे. बर्लिओझ 1840 च्या दशकात जर्मनीत गेला, ट्यूबा ऐकून खूष झाला आणि पुढे त्याने स्वतःच ऑफिक्लाइडच्या जागी ट्यूबाची शिफारस केली. सिम्फनीची छापील प्रत 1845 ची. मग 'अस्सल' कुठलं, 1830 चं की 1845 चं? माझ्या मते हा वाद वकिलांनी घालावा. मला पुरावा कानाचा हवा, आणि कान सांगतो की सोयीसाठी ट्यूबा बरा असेलही, पण या पानावर घोगरेपणाला पर्याय नाही. जुनी वाद्यं म्हणजे नाजूक, संग्रहालयातलं, मऊ काहीतरी अशी समजूत घेऊन येणाऱ्यांना मी मुद्दाम हाच तुकडा ऐकवतो.

समजूत दुसऱ्या बाजूनेही ढिली करावी लागते. जुन्या रंगांचा शोध 1980 नंतरच लागला असं कोणी म्हटलं की मी पिअर माँतो यांचं पॅरिसमधलं 1930 चं ध्वनिमुद्रण काढतो. खरखर भरपूर, खालचे सूर बेताचेच. पण तिथले बॅसून फ्रेंच बनावटीचे, पितळी वाद्यं बारीक नळीची, आणि एकेक वाद्य गर्दीतून वेगळं ओळखू येतं. ॲम्स्टरडॅमपेक्षा ते गार्डिनर यांच्या जास्त जवळचं आहे. मधल्या काळात जगभरचे वाद्यवृंद एकसारखे, मोठे आणि गुळगुळीत होत गेले. 1930 च्या पॅरिसमध्ये कोणी 'जुनी वाद्यं' वाजवत नव्हतं, ती त्यांची रोजची होती.

कार्यक्रम संपला की हमखास विचारणा होते, "पण घ्यायचं कुठलं?" एकच घ्यायचं असेल तर गार्डिनर, शेवटचे दोन भाग तसे दुसरीकडे ऐकायला मिळत नाहीत. सिम्फनी पहिल्यांदाच ऐकत असाल तर मात्र डेव्हिसपासून सुरुवात करा, त्यात काहीच बिघडलेलं नाही. सगळं आता इंटरनेटवर मिळतं, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये रांगा धुंडाळायचे दिवस दुकानाबरोबरच 2016 मध्ये संपले. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तिसऱ्या भागाच्या शेवटी चार जण मिळून जो गडगडाट वाजवतात, तो इतका हलका आणि इतक्या खालच्या सुरांत आहे की त्या स्पीकरमधून तो येतच नाही.